आजीच्या अटेंडंटचा पगार कोण देणार?

काटोलला आमच्या आजीचा खुबा मोडला. ऑपरेशन आयुष्मान कार्डावर झालं, पण घरी ठेवलेल्या बाईचा पगार आम्हीच देतोय. असं का?

जरा मागे जाऊ. 1986 मध्ये सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणली. जुन्या मेडिक्लेममध्ये घरच्या उपचारांचं कलम होतं: पेशंट हलवण्यासारखा नसेल किंवा हॉस्पिटलात जागाच नसेल, तर. पण दमा, मधुमेह, बीपी, संधिवात वगळलेले. म्हणजे म्हातारपणाचंच सगळं बाहेर, बाप्पा!

29 ऑक्टोबर 2024 ला सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं वर्षाला 5 लाखांचं कवच मिळालं, उत्पन्न न बघता. तेही भरती झाल्यावरच. डिस्चार्जनंतर फक्त 15 दिवस. आंघोळ घालणं, कूस बदलणं त्यात नाही. तो हिशोब मी आणि काका यूपीआयवर निम्मा-निम्मा करतो.