'बांधलेला कुत्रा' : राखणदार श्वानाच्या नावांतून दिसणारा इतिहास

१

पाळीव जनावरांचा इतिहास लिहिताना रूढ साधने फार थोडी मदत करतात. ज्यांच्या दारात ही जनावरे वाढली, ती माणसे बहुधा लिहिणारी नव्हती. आणि जे लिहिणारे होते त्यांनी जनावराच्या आकाराचे व उग्रतेचे कौतुक केले, परंतु त्याला कोण, काय व किती खाऊ घालीत असे, हे क्वचितच नोंदविले. अशा विषयात शब्द हे साधन महत्त्वाचे ठरते. जनावराला माणूस कोणत्या नावाने ओळखतो, यावरून त्या दोघांचा व्यवहार कोणत्या स्वरूपाचा होता याचा पुष्कळसा उलगडा होतो.

मोठ्या राखणदार कुत्र्यांच्या बाबतीत हा उलगडा विशेष उद्बोधक आहे. असा कुत्रा मूळचा राखणीचा आणि अलीकडे हौसेखातर 'घरचा' झालेला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. कारण जुन्या वाङ्मयाचा व नावांचा पुरावा असे सुचवितो की, राखण करणे आणि घरचा असणे या गोष्टी प्रथमपासूनच एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

२

रामायणाच्या अयोध्याकांडात भरत आजोळाहून निघतो, तेव्हा केकयराज त्याला हत्ती, उंची कांबळी व अजिने यांच्याबरोबर कुत्रेही भेट देतो. हे कुत्रे प्रचंड देहाचे, वाघासारख्या बळाचे आणि दाढा हेच ज्यांचे शस्त्र असे वर्णिले आहेत. मात्र त्यांचे पहिले विशेषण बळाविषयीचे नाही. ते अंतःपुरात वाढलेले होते, हे कवी आधी सांगतो. राजवाड्याच्या सर्वांत आतल्या भागात, स्त्रियांच्या व मुलांच्या सहवासात, हे हिंस्र सामर्थ्य वाढविले गेले होते. भेट म्हणून त्यांचे मोल ठरते ते या दोन्ही गोष्टींच्या संयोगाने.

अवेस्तेतील वेंदिदादाच्या तेराव्या फर्गर्दात हाच संबंध धर्मशास्त्राच्या भाषेत मांडलेला आढळतो. तेथे कुत्र्यांचे वर्ग त्यांच्या कामावरून पाडलेले आहेत. 'पसुश्-हौर्व' म्हणजे पशूंची राखण करणारा आणि 'विश्-हौर्व' म्हणजे वस्तीची राखण करणारा. संस्कृतातील 'पशु' व 'विश्' यांचे हे सख्खे भाऊबंद होत. स्वतः कुत्र्याला असलेला 'स्पा' हा अवेस्ती शब्दही संस्कृत 'श्वा' याचेच रूप होय. या प्रकरणातील दंडविधान असे की, कळपाच्या कुत्र्याला वाईट अन्न घालणे हे पहिल्या प्रतीच्या गृहस्वामीला वाईट अन्न वाढण्याइतके पाप, आणि वस्तीच्या कुत्र्याच्या बाबतीत ते मध्यम प्रतीच्या गृहस्वामीला वाढण्याइतके पाप. राखणीच्या कुत्र्याचे पोषण येथे दयाबुद्धीवर सोडलेले नाही. ते त्याचे देणे मानले आहे.

हे देणे लहान नव्हते. बाबिलोनचा इराणी क्षत्रप त्रितंतैख्मीस याच्यापाशी इतके हिंदी कुत्रे होते की, त्यांच्या अन्नाचा भार चार मोठ्या गावांवर टाकून त्या गावांना इतर कर माफ केले होते, असे हिरोडोटस सांगतो. हे हिंदी कुत्रे आणि केकयांचे कुत्रे एकच होते असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु तसे सिद्ध करण्यास आधार नाही. तथापि मोठा कुत्रा ठेवणे म्हणजे नित्य खर्चाचा एक विभाग उघडणे होय, हे त्या काळीही उघड होते.

कोलुमेल्ला या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कृषिग्रंथकाराने स्वभावाचा प्रश्न उपस्थित केला आहे. शेतवाड्याच्या राखणीचा कुत्रा काळा असावा, म्हणजे रात्री चोराला तो दिसत नाही. मेंढवाड्याचा पांढरा असावा, म्हणजे पहाटेच्या अंधुक उजेडात लांडगा समजून त्याच्यावर घाव पडत नाही. कुत्रा फार सौम्य नसावा, कारण तो चोरापुढेही शेपूट हालवील. आणि फार क्रूरही नसावा, कारण तो घरच्यांच्याच अंगावर जाईल. राखणदार कुत्र्याविषयीची सारी अडचण या एका विवेचनात सामावली आहे. घरचा कोण आणि परका कोण हा भेद त्याला कळावा लागतो, आणि तो भेद घरात राहिल्याखेरीज कळत नाही.

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात एका घराच्या उंबऱ्याशी साखळीने बांधलेल्या कुत्र्याचे चित्र कुट्टिमात बसविलेले आहे व त्याखाली कुत्र्यापासून सावध राहण्याचा इशारा आहे. दुसऱ्या एका घरात प्रत्यक्ष कुत्रा सापडला. राखेत त्याच्या देहाची जी पोकळी राहिली होती, तिच्यात गच्ची ओतून घेतलेल्या ठशात पिळवटलेले अंग व गळ्यातील पट्टा स्पष्ट दिसतो. घरची माणसे गेली तेव्हा तो बांधलेलाच राहिला होता. बंधनाच्या पलीकडची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तो ठसा आजही विचारतो.

३

बंधनाची हीच गोष्ट तिबेटी भाषेने नावातच सांगून ठेवली आहे. ज्या जातीला जग 'तिबेटी मॅस्टिफ' म्हणते, तिचे तिबेटी नाव 'दो-ख्यी' असे आहे. 'ख्यी' म्हणजे कुत्रा. चिनी भाषेतील 'च्युआन' या कुत्रावाचक शब्दाशी त्याचे मूळ नाते भाषाशास्त्रज्ञ मानतात. 'दो' हे बांधणे या अर्थाच्या क्रियापदाचे रूप असून त्याच्या लेखनात उच्चारात लोपलेले ध्वनी टिकून आहेत. म्हणून 'दो-ख्यी' म्हणजे बांधून ठेवण्याचा कुत्रा. 'दाराचा कुत्रा' असाही या नावाचा अर्थ कित्येक ठिकाणी दिलेला आढळतो. परंतु दारासाठी तिबेटी शब्द 'गो' असा आहे, आणि 'गो'चा 'दो' होण्यास मध्य तिबेटी उच्चाराच्या नियमांत आधार नाही. कामावरून अर्थ सुचला आणि तो व्युत्पत्ती म्हणून रूढ झाला, असे येथे घडले असावे. 'द्रोक-ख्यी' हे नाव मात्र वेगळ्या उगमाचे आहे. 'द्रोक' म्हणजे उंचावरील कुरण. अर्थात 'द्रोक-ख्यी' हा कुरणावरच्या पशुपालकांचा कुत्रा.

'बांधलेला' हे विशेषण ऐकताच दास्याची कल्पना मनात येते. पशुपालकांच्या प्रत्यक्ष रीतीत मात्र ते बंधन दिवसापुरते असे. दिवसा कुत्रा तंबूजवळ मेखेला बांधलेला, कारण येणारे-जाणारे वाटसरू, व्यापारी व भिक्षू यांना त्याच्यापासून भय. रात्री तो सोडलेला, कारण लांडगे, हिमबिबटे व चोर यांना त्याचे भय. पाहुण्याने दुरूनच हाक द्यावी आणि घरच्याने कुत्रा धरावा, हा तेथील शिष्टाचार. पुरुष याकांबरोबर दूर गेले म्हणजे तंबूतील स्त्रिया व मुले यांची सोबत याच कुत्र्याची असे. भाजलेल्या सातूचे पीठ आणि दूध-ताकाचा उरलेला भाग हे त्याचे अन्न. गळ्यात याकाच्या केसांचा, तांबडा रंगविलेला झुबकेदार पट्टा. तात्पर्य, 'बांधणे' हे क्रियापद येथे एकटे नाही. 'सोडणे' व 'खाऊ घालणे' या दोन क्रियापदांवाचून त्याचा अर्थ पुरा होत नाही.

या प्राण्याचे शरीरही त्या उंचीशी जुळलेले आहे. विरळ हवेत तग धरण्यास साहाय्य करणारे ईपीएएस-१ या जनुकाचे रूप तिबेटी मॅस्टिफाला तिबेटी लांडग्यांशी झालेल्या संकरातून मिळाले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. ज्याच्यापासून कळप राखावयाचा, त्याच्याच रक्ताने राखणदाराला डोंगरावर राहण्याचे बळ दिले.

४

हिमालयाच्या दक्षिणेस या कुत्र्याला 'भोटिया' किंवा नेपाळीत 'भोटे कुकुर' म्हणतात. 'भोट' हे तिबेटच्या 'बोद' या स्वकीय नावाचे भारतीय रूप होय. म्हणजे डोंगर उतरताच नावातून काम गेले व देश आला. युरोपीय प्रवाशांच्या लेखनात तर आकाराखेरीज फारसे काही उरले नाही; मार्को पोलोने हे कुत्रे गाढवाएवढे असल्याचे लिहिले.

१८४७ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंज याने राणी व्हिक्टोरियाला तिबेटचा एक मोठा कुत्रा पाठविला. १८७३ मध्ये इंग्लंडात केनेल क्लब स्थापन झाल्यानंतर वर्गीकरणात 'तिबेटी मॅस्टिफ' हे नाव रूढ झाले. १९२८ मध्ये सिक्कीममधील राजकीय अधिकारी कर्नल बेली याने काही कुत्रे इंग्लंडात नेले, आणि अमेरिकन केनेल क्लबने २००६ मध्ये या जातीस मान्यता दिली.

'मॅस्टिफ' हा शब्द लॅटिन 'मान्सुएतुस' या शब्दावरून जुन्या फ्रेंचमार्फत आलेला आहे. त्याचा मूळ अर्थ हाताला सवयीचा झालेला, मराठीत सांगावयाचे तर माणसाळलेला. युरोपने दिलेले नावही अशा रीतीने उग्रतेचे नसून घरगुतीपणाचे आहे. परंतु व्युत्पत्तीतील अर्थ बोलणाऱ्यांच्या जाणिवेत राहतोच असे नाही. प्रदर्शनाच्या नियमांत उंची, केस व मस्तकाची ठेवण यांची मोजदाद झाली. कुत्रा केव्हा सोडावयाचा हे त्यांत लिहिणे शक्यही नव्हते.

घरात आणलेल्या या प्राण्याने मात्र आपले जुने काम सोडले नाही. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ४० ते ६८ किलोपर्यंत भरते. त्याला प्रौढपण येण्यास तीन-चार वर्षे लागतात. मादी बहुधा वर्षातून एकदाच माजावर येते. दुहेरी दाट केसांमुळे सखल प्रदेशातील उन्हाळा त्याला सोसत नाही. तो दिवसा झोपतो व रात्री भुंकतो. मुलांशी सौम्य असतो, परंतु मुलांचे मित्र त्याच्या लेखी परकेच असतात. ज्यास शेजारी 'खोड' म्हणतात, ते वस्तुतः त्याचे काम आहे.

५

एकविसाव्या शतकात चीनमध्ये या जातीस जे वैभव व जी दुर्दशा प्राप्त झाली, तिच्यात या इतिहासाची कसोटी लागली. चिनी नाव 'त्सांग-आओ'. 'आओ' हा मोठ्या शिकारी कुत्र्यासाठी प्राचीन शब्द. २००५ मध्ये यांग झीजुन यांची याच नावाची कादंबरी प्रसिद्ध झाली व कुत्र्याच्या निष्ठेचे आकर्षण वाढले. नवश्रीमंतांमध्ये मागणी उसळली. २०१४ मध्ये चेज्यांग प्रांतात एक कुत्रा १ कोटी २० लाख युआनला विकल्याचे वृत्त आले. असे आकडे भाव चढविण्यासाठी फुगविले जात, अशी शंका तेव्हाच व्यक्त झाली होती. त्यानंतर थोड्याच काळात भाव कोसळले. पैदास करणाऱ्यांना कुत्र्यांचे अन्न परवडेना, आणि चिंगहाय व तिबेटच्या पठारावर शेकडो कुत्रे मोकळे सोडून देण्यात आले. त्याच सुमारास अनेक पशुपालक कुटुंबे कुरणे सोडून वसाहतींत राहावयास गेली होती, त्यामुळे पूर्वीचे तंबूही उरले नव्हते. या टोळ्या गुरांवर, वन्य प्राण्यांवर व कधी माणसांवर चालून गेल्या. मठांनी व स्थानिक लोकांनी काहींना आश्रय दिला.

ज्या कळपाची राखण करावयाची त्यावरच राखणदार धावून जावा, याचे खापर जातीच्या स्वभावावर फोडणे सोपे आहे. परंतु हे कुत्रे विकत घेणाऱ्यांनी आकार घेतला, नाव घेतले, निष्ठेची कथाही घेतली; आणि शेवटी 'सोडणे' हे क्रियापद घेतले ते त्याचा मूळ अर्थ उलटा करून. पशुपालक रात्री कुत्रा सोडी तो सकाळी पुन्हा बांधण्यासाठी व खाऊ घालण्यासाठी. अन्न, बंधन व मोकळीक यांचे ते नित्याचे चक्र म्हणजेच त्या प्राण्याचे कुटुंब होय. वेंदिदादाने त्याला देणे म्हटले आणि रामायणाने ते अंतःपुराच्या भिंतींआड दाखविले. 'दो-ख्यी' या नावात बांधणारा हात उच्चारलेला नाही, परंतु तो गृहीत धरलेला आहे. तो हात निघून गेला की नाव तसेच राहते आणि त्याला अर्थ उरत नाही.