मयताचा सांगावा

गावगाड्यात महाराच्या वाट्याला जी कामे होती त्यांची यादी आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. साऱ्यासाठी रयतेला चावडीवर बोलावून आणणे, सरकारी टपाल पोचवणे, गावाची शीव दाखवणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, मेलेले ढोर ओढणे. या यादीत आणखी एक काम असे, आणि इतिहास लिहिणाऱ्यांनी त्याच्यापाशी फारसे थांबून पाहिलेले नाही. गावात कुणी मेले की त्या मरणाची खबर परगावच्या सोयऱ्यांना नेऊन देण्याचे ते काम होते. सरणाची लाकडे वाहणे हेही त्याच हाताने करायचे. रात्र असो, पाऊस असो, नदीला पूर असो, पाटलाच्या घरचा म्हातारा गेला की येसकराने काठी घ्यायची आणि निघायचे.

त्याने सोयऱ्यांच्या गावी जायचे, दाराशी न जाता अंगणाबाहेर उभे राहायचे आणि तिथूनच ओरडून सांगायचे. आत रडण्याचा कल्लोळ उठायचा. त्या क्षणी हा माणूस त्या घराच्या सर्वांत खाजगी दुःखाचा पहिला साक्षीदार असे, आणि तरी तो त्या दुःखात कुणीच नसे. भाकरतुकडा वरून पदरात टाकला जाई आणि तो पुढच्या गावाला लागे. त्याला लोक विचारीत, 'कोण गेलं? कधी गेलं? माती कधी आहे?' त्याच्या स्वतःच्या घरी कोण आजारी आहे, मागच्या महिन्यात त्याचे कोणते लेकरू गेले, हे विचारण्याची त्या व्यवहारात जागाच नव्हती. महारवाड्यात मरण झाले तर त्याचा सांगावा त्याचा तोच नेई, आणि गावाच्या लेखी ती खबर नसे.

दुःखाविषयी मोकळेपणाने बोलावे, मनात कोंडू नये, हा उपदेश आज सर्वत्र ऐकू येतो. उपदेश चांगला आहे. पण बोलणे म्हणजे कुणाशी तरी बोलणे. ऐकणारा कोण होता, हा प्रश्न इतिहासाचा आहे. आमच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या दुःखाची वाहतूक केली. स्वतःचे दुःख सांगायला त्याला दार केव्हा सापडले आणि कुणी उघडले, याचा शोध घेतला पाहिजे.

वस्तीच्या आत बोलणे होते, हे नाकारता येणार नाही. ज्यांनी महारवाड्यातले दुखवटे पाहिले आहेत त्यांना ते ठाऊक आहे. बाहेरगावची बाई आली की ती शिवेपासूनच हेल काढी, घरची बाई तिच्या गळ्यात पडे, आणि दोघी मेलेल्याशीच बोलत. तू काय खाल्लेस, काय खायचे राहिले, कोणते लुगडे तुला घेता आले नाही, कोणत्या सावकाराने तुला शेवटपर्यंत छळले, असा सगळा हिशेब त्या रडण्यात निघे. शिकलेल्या माणसाला हा देखावा गावंढळ वाटतो. मला विचाराल तर आमच्या समाजातले पहिले चरित्रलेखन ते हेच. पण ते कागदावर आले नाही; माती झाली की विरून गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बायकांना कुणाच्या तरी खळ्यावर जावे लागले.

जे तोंडाने बोलता आले नाही ते कधीकधी नावात जाऊन बसले. दगडू, धोंडू, कचरू, उकिरडा ही नावे पाहा. शूद्राचे नाव जुगुप्सा वाटेल असे असावे असा मनूचा नियम आहे, आणि आमच्या लेखकांनी या नावांचा संबंध त्या नियमाशी लावला आहे. तो खराच आहे. पण त्याच नावांना दुसरीही एक बाजू आहे. पोटची मुले एकामागून एक जात, तेव्हा पुढच्याला दगडाचे, कचऱ्याचे नाव द्यायचे, म्हणजे मरणाची नजर त्याच्यावर पडणार नाही, असा लोकसमज महाराष्ट्रात अनेक जातींत होता. अशा नावाने मुलाला हाक मारली की आधी गेलेल्या भावंडांची आठवण त्या हाकेत असे. पण ती कुणी बोलून दाखवीत नसे.

अशाच एका दगडूने हा मुका कारभार मोडला. दगडू मारुती पवार, म्हणजे दया पवार, यांचा जन्म १९३५ सालचा, गाव धामणगाव, तालुका अकोले. अहमदनगर जिल्ह्याचा हा पश्चिम कोपरा, सह्याद्रीला टेकलेला. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले.) त्यांचे 'बलुतं' ग्रंथालीने १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. या पुस्तकाविषयी पुष्कळ लिहिले गेले, पण त्याच्या रचनेतल्या एका गोष्टीचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. हे आत्मकथन एका बोलण्याच्या रूपात उभे आहे. सांगणारा दगडू आहे, ऐकणारा दया आहे. एक महारवाड्यात आणि मुंबईच्या कावाखान्यात वाढलेला, दुसरा शिकलेला, नोकरी करणारा, कवी म्हणून नाव झालेला. माणूस एकच. आपल्या बापाचे दारूत संपत जाणे, आईचे कष्ट, मोडलेला संसार हे सगळे सांगायला या माणसाला बाहेर कुणी सापडले नाही, म्हणून त्याने स्वतःचेच दोन भाग केले आणि एकाला दुसऱ्यासमोर बसवले. समीक्षकांनी ही लेखनाची क्लृप्ती मानली. मला त्यात गावगाड्याचा इतिहास दिसतो. ज्याच्या पूर्वजाने अंगणाबाहेर उभे राहून दुसऱ्याचे मरण सांगितले, त्याला स्वतःचे सांगायला शेवटी स्वतःच्याच दारात जावे लागले.

पुस्तकाचे स्वागत झाले आणि त्यावर रागही निघाला. राग आपल्याच लोकांचा अधिक होता. घरातले, आईचे, बायकोचे चव्हाट्यावर का मांडले? आता कुठे आपण शिकतो आहोत, पांढरे कपडे घालतो आहोत, आणि हा जुनी लक्तरे धूत बसला. या रागाला केवळ प्रतिष्ठेची हाव म्हणून बाजूला सारता येत नाही. ज्या समाजाची हरेक गोष्ट शेकडो वर्षे उघड्यावर होती, त्याला चार भिंतींच्या आडचे दुःख ही नुकतीच मिळालेली मालमत्ता वाटली, तर ते समजण्यासारखे आहे. तरीही मी पवारांच्या बाजूचा आहे. झाकलेले दुःख पुढच्या पिढीला वारशाने मिळते ते फक्त लाज म्हणून.

हे दार आधी कुणी उघडले होते? येथे बाबासाहेबांकडे यावे लागते, आणि त्यांच्या सार्वजनिक भाषणांकडे नव्हे. रमाबाई आणि बाबासाहेब यांची पाच अपत्ये. त्यांतला एक यशवंत जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लहानपणीच गेली. राजरत्न गेला जुलै १९२६ मध्ये. पुढच्याच महिन्यात बाबासाहेबांनी कोल्हापूरचे आपले स्नेही दत्तोबा पवार यांना एक पत्र लिहिले. त्यात ते पुढारी नाहीत, बॅरिस्टर नाहीत. तीन मुलगे आणि एक मुलगी आपण पुरली, असा हिशेब मांडणारा तो बाप आहे. आपण या धक्क्यातून सावरलो असे म्हणणे खोटे होईल, हे ते मित्राला सरळ सांगतात. हे पत्र चरित्रकारांनी छापले म्हणून आपल्याला माहीत आहे. लिहिले होते ते एका माणसाने एका माणसाला. त्यानंतर सात महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. पुढच्या वर्षी त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक आणले. गावकीच्या ज्या राबणुकीत मयताचा सांगावा नेणे होते, तिच्या मुळालाच त्यांनी हात घातला. ते वतन कायद्याने संपायला मात्र १९५८ चा कायदा यावा लागला.

सन १९२६ चे पत्र आणि १९२७ चे महाड यांत मी कार्यकारणाचा सोपा धागा जोडणार नाही. दुःखाने माणूस मोठा होतो असली वाक्ये ज्यांची मुले मेली नाहीत ते लिहितात. एवढेच नोंदवतो की चळवळीच्या ऐन उभारणीत त्या माणसाला कुणाशी तरी बोलावेसे वाटले, आणि ते त्याला कमीपणाचे वाटले नाही. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हे राजकारणाचे पुस्तक त्यांनी १९४० मध्ये अर्पण केले ते 'रामू'च्या स्मृतीला.

या वारशाचे आपण काय केले? धर्मांतरानंतर गावोगावच्या बौद्धांनी गावकीची कामे टाकली, त्यासाठी बहिष्कार सोसले. दहाव्या-तेराव्याचे कर्मकांड सोडले आणि त्याच्या जागी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आला. मांडव घालतात, बाबासाहेब आणि बुद्धाच्या प्रतिमेपुढे मेणबत्त्या लावतात, त्रिशरण-पंचशील होते आणि मग आदरांजलीची भाषणे सुरू होतात. बदल योग्य दिशेचाच होता. पण आता ध्वनिक्षेपकावर बोलतो कोण? तालुक्याचा पुढारी, निवृत्त मुख्याध्यापक, पक्षाच्या दोन गटांचे दोन अध्यक्ष. गेलेल्या माणसाविषयी दोन वाक्ये आणि चळवळीच्या सद्यःस्थितीविषयी वीस मिनिटे. त्याची बायको समोर खाली बसलेली असते. ज्या बाया हेल काढून त्याचे सगळे आयुष्य सांगत होत्या त्या आता सुधारलेल्या आहेत आणि गप्प आहेत. रडगाणे गेले हे वाईट झाले असे मी म्हणत नाही. त्याच्या जागी बायकांच्या तोंडी दुसरे काही आले नाही, ही माझी तक्रार आहे.

ती उणीव बायकांनीच लिहून भरून काढायला घेतली. फलटणच्या बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. पुस्तक आले १९८६ मध्ये. कोवळ्या वयात बाळंत होणाऱ्या पोरी, बाळंतिणीची उपासमार, हातातून जाणारी बाळे यांचे वर्णन त्यात आहे. त्याच साली शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' पुस्तकरूपाने आली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघर जाऊन गाठले, त्यांच्याशी बोलल्या, आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांनी हे पुस्तक केवळ माहितीसाठी वाचू नये, त्याची पद्धत पाहावी. कुणी तरी त्या बाईच्या घरी गेले, खाली बसले आणि विचारले.

घरोघर जाण्यावरून किसा गौतमीची कथा आठवते. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ती घेतली आहे. मेलेले मूल घेऊन ती बुद्धाकडे येते. ज्या घरात कुणी मेले नाही अशा घरून मोहरी आण, असे बुद्ध सांगतात. ती दारोदार फिरते आणि रिकाम्या हाताने, पण शहाणी होऊन परतते. प्रवचनात या कथेचे तात्पर्य सांगतात की मरण कुणाला चुकले नाही. मला कथेचा मधला भाग महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक दारात तिला कुणी तरी उत्तर दिले, आमच्याकडे अमुक गेला म्हणून सांगितले. ते ऐकत ती शहाणी झाली. आता हीच बाई आपल्या नगर जिल्ह्याच्या एखाद्या गावात शंभर वर्षांपूर्वी महारवाड्यातून निघाली असती तर? किती दारांपर्यंत तिला जाता आले असते? तिच्या पदरात वरून मोहरी टाकली असती, पण आमच्याकडे कोण गेले हे तिला कुणी सांगितले असते काय?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचाच आहे असे कुणी समजू नये. २८ एप्रिल २०१४ रोजी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावी, सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो म्हणून त्याला मारल्याचा आरोप होता. बोलणे हाच त्याचा गुन्हा ठरला होता म्हणायचा. त्यानंतर त्या घरी माणसांची रीघ लागली. अशा वेळी काय घडते ते कार्यकर्त्यांना सांगायला नको. गाड्या येतात, सांत्वनपर भेट होते, छायाचित्र निघते, आणि घरच्यांना प्रत्येक नव्या माणसापुढे तीच हकिगत पहिल्यापासून सांगावी लागते. पोलिसांपुढे ती जबाब म्हणून सांगायची, पत्रकारांपुढे मुलाखत म्हणून, सभेत भाषण म्हणून. जबाबात वेळ, ठिकाण, अंतर लागते. तो कोणत्या भाजीला नाक मुरडायचा हे लागत नाही. निषेध, मोर्चा, खटला यांची गरज आहे आणि राहील. पण आपण त्या घरी पुरावा मागायला जातो, घोषणा द्यायला जातो, आणि त्यांच्याजवळ नुसते बसून ऐकायला आपल्याला वेळ नसतो, हे कार्यकर्ता म्हणून मान्य केले पाहिजे.

खटला नगरच्या सत्र न्यायालयात चालला. अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपींची निर्दोष सुटका झाली. साक्ष फिरवणारी माणसे आकाशातून पडली नव्हती, ती त्याच परिसरातली होती. बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर, पिठाच्या गिरणीत त्यांची आणि मेलेल्या मुलाच्या आईबापांची गाठ पडतच असणार. मयताचा सांगावा आता फोनवर जातो, त्यासाठी कुणाला रात्रीअपरात्री शीव ओलांडावी लागत नाही. त्या आईबापांच्या अंगणात येऊन, पोरगं कसं होतं हो तुमचं, असे विचारायला गावठाणातून वस्तीवर यावे लागते. ते अंतर दोनअडीचशे पावलांचे असते.