दृष्टिबाधितांचे व्यवसायशिक्षण

दृष्टिबाधितांचे व्यवसायशिक्षण : अंध वा अंशतः अंध व्यक्तीला स्वतःच्या कमाईवर उभे राहता यावे यासाठी दिले जाणारे शिक्षण. हातातले कसब हा त्याचा एक भाग झाला. पांढऱ्या काठीने एकट्याने घराबाहेर पडणे, ब्रेल, नोटा-नाणी ओळखणे, हिशेब ठेवणे आणि गिऱ्हाइकाशी बोलणे हेही त्यात येते. यांपैकी काठीचे शिक्षण अनेकदा घाईने उरकले जाते. ही चूक महाग पडते, कारण बसथांब्यापर्यंत सोबत लागणाऱ्या कारागिराला सोबती आला नाही की त्या दिवसाचा रोजगार बुडतो.

जपानमध्ये सुगियामा वाइची (१६१०–९४) या अंध वैद्याने बारीक नळीतून सुई टोचण्याची रीत रूढ केली आणि शोगुनच्या आश्रयाने अंधांना हे उपचार शिकवणाऱ्या शाळा काढल्या. अंगमर्दन व सूचिचिकित्सा तेथील अंधशाळांत आजही शिकवतात. पॅरिसमध्ये व्हालांतँ आवी याने १७८५ च्या सुमारास अंधशाळा उघडली. तेथे शिकलेल्या क्लोद माँताल याने पियानोचे सूर जुळवण्यात नाव कमावले, आणि युरोपभर तो अंधांचा ओळखीचा व्यवसाय झाला.

भारतातील पहिली अंधशाळा १८८७ मध्ये अमृतसरला ॲनी शार्प यांनी काढली. मुंबईत ॲना मिलर्ड यांनी १९०० मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, शाळा सुरू केली. दादरची कमला मेहता अंधशाळा ती हीच. प्रौढांच्या प्रशिक्षणाला निमित्त झाले दुसऱ्या महायुद्धाचे. लढाईत दृष्टी गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९४३ मध्ये देहरादूनला सेंट डन्स्टन्स वसतिगृह उघडले. ते चालवणारे सर क्लूथा मॅकेंझी स्वतः गॅलिपोलीच्या लढाईत अंध झालेले न्यूझीलंडचे सैनिक होते. या कामातूनच पुढे तेथील प्रौढ अंधांचे सरकारी प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंधजन मंडळाने (नॅब) कार्यशाळा काढल्या, तसेच ग्रामीण अंधांसाठी गुजरातेतील फणसा येथे शेती व पशुपालनाचे केंद्र चालवले.

या कार्यशाळांत दीर्घकाळ वेतकामाचा मान पहिला. खुर्चीच्या चौकटीची भोके बोटाने मोजता येतात आणि त्यांतून वेताची पट्टी उभी, आडवी, मग तिरकी ओढत गेले की जाळी आपोआप जुळते. वीण चुकली तर बोटालाच कळते, डोळ्याची गरज पडत नाही. त्याच्या जोडीला हातमाग, खडू, मेणबत्त्या आणि झाडू आले. कारखान्यांत यंत्राला ठरावीक मापाचा अडसर बसवला की अंध कामगार सुटे भाग बिनचूक जोडतो, भोके पाडतो. टेलिफोन ऑपरेटरचे कामही असेच जमले, कारण फलकावरील दिव्याच्या जागी हाताला लागणारी खूण किंवा आवाज देणारी सोय करता आली.

पण प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि वेतकाम मागे पडले. थेट डायल करण्याची सोय झाली, तशा ऑपरेटरच्या जागा घटल्या. शिकवणे सोपे म्हणून धंदा निवडला, त्याला बाजार आहे का हे पाहिले नाही, हा या क्षेत्राचा जुना आणि जिवाला लागणारा दोष आहे. वर्षभर शिकलेला मुलगा प्रमाणपत्र घेऊन घरी बसतो, तेव्हा त्याच्या हातात काही उणे नसते. याउलट उदाहरण भावेश भाटिया यांचे. नॅबमध्ये मेणबत्तीकाम शिकून त्यांनी महाबळेश्वरात सनराइज कँडल्स हा उद्योग उभारला आणि इतर अंध कारागिरांनाही त्यात काम दिले. वात आणि मेण तेच होते. घाट, सुगंध आणि विक्री यांवर मात्र त्यांनी वेगळी मेहनत घेतली.

मोठा पालट संगणकाने केला. पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारी जॉज, आणि २००६ पासून मोफत मिळणारी एनव्हीडीए, यांसारखी सॉफ्टवेअर शिकली की बँकेतले किंवा कचेरीतले काम डोळस सहकाऱ्याच्या बरोबरीने करता येते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील याच साधनांच्या आधारे अभ्यास करून भारतीय प्रशासन सेवेत गेल्या. त्याआधी परीक्षा उत्तीर्ण होऊनही दृष्टीचे कारण देऊन त्यांना रेल्वेच्या लेखा सेवेत जागा नाकारली गेली होती. यंत्रापुढच्या अडचणीही आहेत. कागदाचे नुसते छायाचित्र पाठवले किंवा संकेतस्थळावरील बटणांना नावे दिली नाहीत, तर सॉफ्टवेअर मुके होते. दादर-ठाण्याच्या कचेरीत बसलेल्या कुशल माणसाचे काम अशा वेळी दुसऱ्याच्या बेपर्वाईने अडते.

१९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांना ३ टक्के जागा राखल्या, त्यांतील १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींना. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकूण प्रमाण ४ टक्के केले, अंधांचा वाटा मात्र १ टक्काच राहिला. लाभासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. स्वयंरोजगारासाठी केंद्राचे १९९७ मध्ये स्थापन झालेले वित्त महामंडळ कर्ज देते.

मधुमेह, काचबिंदू किंवा अपघात यांमुळे चाळिशी-पन्नाशीत दृष्टी जाणाऱ्यांची गरज वेगळी असते. त्यांना नवा धंदा शिकवण्याआधी जुने काम नव्या रीतीने करायला शिकवावे लागते : शिक्षकाला ब्रेल टिपणांवरून वर्ग घ्यायला, लेखापालाला ऐकून ताळेबंद तपासायला. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढू नये किंवा खालच्या पदावर आणू नये, असे २०१६ च्या कायद्याच्या कलम २० मध्ये म्हटले आहे. जुन्या पदाचे काम झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीचे दुसरे पद द्यावे लागते.