लाकडावरचीं अळंबीं आणि सूक्ष्मदर्शक



श्रावणांतील एखाद्या उघडिपीच्या दुपारीं परसांत पडलेली झाडाची जुनी फांदी उलथून पाहिली, तर तिच्या कडेला नखाएवढीं, कधीं बोटाच्या पेराएवढीं, पांढरट अथवा करडीं अळंबीं ओळीनें बसलेलीं आढळतात. त्यांना दांडा नसतो. भिंतीला ठोकलेल्या फळीप्रमाणें तीं लाकडाला एका बाजूनें चिकटलेलीं असतात, आणि खालून पाहिल्यास त्या चिकटलेल्या जागेपासून पंख्याच्या काड्यांसारख्या बारीक पात्या कडेपर्यंत पसरलेल्या दिसतात. आपण त्यांना सरसकट कुत्र्याच्या छत्र्या म्हणून मोकळे होतों. शास्त्रज्ञांनींहि कित्येक वर्षें याहून फारसें निराळें केलें नाहीं, असें म्हणणें थोडें अन्यायाचें होईल, पण सर्वस्वीं खोटें होणार नाहीं. ही चूक त्यांच्या हातून कां झाली आणि ती कशी सुधारत गेली, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम आकाराचा विचार करूं. अळंबें म्हणजे भूमींत किंवा लाकडांत पसरलेल्या सूक्ष्म तंतूंच्या जाळ्याचें फळ. पात्यांवर तयार झालेले बीजाणु वाऱ्यावर सोडणें एवढेंच त्याचें काम. जमिनींतून उगवणाऱ्या अळंब्याला पात्या वाऱ्यांत उचलून धरण्यासाठीं दांडा लागतो. पण जें लाकडाच्या कडेवर उगवतें तें आधींच उंचावर असतें. त्याला दांडा हा निव्वळ खर्च. म्हणून एकमेकांशीं दूरचेंहि नातें नसलेल्या अनेक घराण्यांनीं दांडा टाकून दिला आणि तीं सारीं एकसारखीं दिसूं लागलीं. भर पावसांत लावणीला वांकलेल्या माणसांच्या पाठीवर इरलें असलें म्हणजे बांधावरून पाहणाऱ्याला हा कोणाच्या घरचा तें ओळखतां येत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. आकार राहण्याची जागा सांगतो, कूळ सांगत नाहीं.

या गोंधळांत पहिली वाट पाडली ती स्वीडनच्या एलियास फ्रीस यानें. १८२१ सालीं त्याच्या कवकांवरील मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. पात्या असलेलीं जवळजवळ सर्व अळंबीं त्यानें अगॅरिकस या एकाच प्रजातींत ठेवलीं, पण तिचे विभाग पाडतांना बीजाणूंच्या रंगाला मान दिला. कोणाहि गृहस्थाला घरीं करतां येईल असा हा प्रयोग आहे. अळंब्याची टोपी पात्या खालीं करून कागदावर ठेवावी, वर पेला पालथा घालावा आणि रात्र जाऊं द्यावी. सकाळीं कागदावर पात्यांचें चित्र उमटलेलें असतें, पांढरें, गुलाबी, तपकिरी किंवा काळें. कागद अर्धा पांढरा व अर्धा काळा घ्यावा, नाहींतर पांढऱ्यावरचें पांढरें दिसत नाहीं. एवढ्याशा युक्तीनें दांडा नसलेल्या मंडळींत उभी फूट पडली. पांढऱ्या बीजाणूंचीं प्लूरोटस या गटांत गेलीं, तपकिरी बीजाणूंचीं क्रेपिडोटस या गटांत. या दुसऱ्या गटाला पुढें १८५७ सालीं स्टाउडे यानें स्वतंत्र प्रजातीचा मान दिला. प्रजाति म्हणजे आडनांव आणि जाति म्हणजे स्वतःचें नांव, असें श्रोत्यांनीं समजावें.

फ्रीसची नजर विलक्षण होती, परंतु वर्गीकरणासाठीं सूक्ष्मदर्शकावर तो विसंबला नाहीं. यांत दोष द्यावा कीं देऊं नये? इटलींतील मिकेली यानें १७२९ सालींच पात्यांवर बीजाणु चार-चारांच्या गटानें बसलेले पाहिले होते आणि त्यांचें चित्रहि छापलें होतें. तें चित्र शंभर वर्षें जणूं कोणीं पाहिलेंच नाहीं. उलट १८०९ सालीं लिंक नांवाच्या जर्मन पंडितानें अळंब्यांचे बीजाणु नळीसारख्या पिशव्यांच्या आंत असतात असें प्रतिपादन केलें, आणि त्याच्या वजनाखालीं पुष्कळांनीं तेंच खरें मानलें. ज्या यंत्रांतून मोठमोठ्यांना नसलेल्या पिशव्या दिसल्या, त्यावर फ्रीसनें भार टाकला नाहीं तर नवल नाहीं. १८३७ सालीं पॅरिसच्या लेव्हेये या डॉक्टरानें आणि पुढच्याच वर्षीं इंग्लंडांत बर्कली या पाद्र्यानें हा भ्रम दूर केला. पात्यांच्या पृष्ठावर गदेच्या आकाराच्या पेशी असतात, तिच्या डोक्यावर बहुधा चार कांटे आणि प्रत्येक कांट्यावर एक बीजाणु. या पेशींना लेव्हेयेनें बेसिडियम हें नांव दिलें. त्यांच्यामधून डोकें वर काढणाऱ्या, बीजाणु नसलेल्या मोठ्या वांझ पेशींना त्यानें सिस्टिडियम म्हटलें. या वांझ पेशीच पुढें कुळाच्या साक्षीदार ठरल्या.

ही साक्ष न्यायालयांत दाखल व्हावयास आणखी पन्नास वर्षें लागलीं. फ्रान्समध्यें पातुइयार या औषध विक्रेत्यानें १८८७ सालीं आणि स्वित्झर्लंडच्या फायो यानें १८८९ सालीं आपापल्या ग्रंथांत पेशींची रचना वर्गीकरणाच्या पायाशीं आणून ठेवली. या दोघांचीं नांवें आपल्याकडे कोणास ठाऊक नसतात, पण माझ्या मतें या शास्त्रांत फ्रीसच्या खालोखाल मान त्यांचाच.

त्याचा उपयोग काय झाला, तो एका उदाहरणानें पाहूं. वाळक्या काडीवर उगवणारें, पांढरें, बोटाच्या पेराएवढें, तपकिरी बीजाणूंचें एक अळंबें १७९९ सालीं पेर्सून यानें व्हेरिॲबिलिस, म्हणजे बदलणारें, या नांवानें नोंदलें. नांव इतकें सोयीचें कीं काडीवरचें कोणतेंहि लहान पांढरें अळंबें त्यांत खपून गेलें. १८५१ सालीं राबेनहोर्स्ट यानें सेसाती या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नांवानें दुसरी एक जाति वर्णिली, पण डोळ्यांना दोहोंत फरक दिसेना, तेव्हां तिच्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. सूक्ष्मदर्शकाखालीं मात्र घोटाळा राहत नाहीं. व्हेरिॲबिलिसचे बीजाणु लांबट, तांदळाच्या दाण्याच्या ठेवणीचे आणि बारीक खरखरीत. सेसातीचे जवळजवळ वाटोळे आणि बारीक कांट्यांनीं भरलेले. हे बीजाणु इतके लहान कीं एका मिलिमीटरांत दीडशेच्या आसपास ओळीनें मावतील. त्यांच्या शेजारचें क्रेपिडोटस मॉलिस घेतलें, तर त्याचे बीजाणु अगदीं गुळगुळीत आणि टोपींत सरसासारखा लवचिक थर. जुन्या संग्रहांतील व्हेरिॲबिलिस असें लिहिलेल्या पुड्या पुन्हां उघडून तपासल्या, तेव्हां कित्येकींतून भलतेंच कांहीं निघालें. ज्यांनीं मूळ वाळलेला नमुना न ठेवतां नुसतें नांव टिपून ठेवलें, त्यांच्या नोंदींचा आतां निवाडा करणें अशक्य आहे. शास्त्रांत नांवापेक्षां पुडी महत्त्वाची ठरते ती अशी.

एकदां हें हत्यार हातीं आल्यावर तें जास्त चालविण्याचा मोहहि झाला. प्रागच्या पिलाटनें १९४८ सालीं युरोपांतील क्रेपिडोटसवर ग्रंथ लिहिला. १९६५ सालीं हेसलर आणि स्मिथ या अमेरिकनांनीं एकट्या उत्तर अमेरिकेंतून शंभरावर जाति मांडल्या. वांझ पेशीचें टोंक किंचित् निराळें दिसलें कीं नवी जाति, अशी कांहीं ठिकाणीं स्थिति झाली. १९९५ सालीं बेआट्रिस सेन-इर्लेट या स्विस विदुषीनें युरोपांतील सामग्रीचा पुन्हां निवाडा केला. २००५ सालीं मेरी कॅथरीन एम आणि तिच्या सहकाऱ्यांनीं या सबंध कुळाचीं अनुवंशिक द्रव्यें ताडून पाहिलीं, तेव्हां पेशींच्या ठेवणीवरून पाडलेले कांहीं पोटविभाग टिकले नाहींत.

पांढऱ्या बीजाणूंच्या बाजूची कथा याहून रंगतदार आहे. रंग पांढरा म्हणजे तेथें फ्रीसचा कागद मुका. १९२४ सालीं मेल्झर या चेक शाळामास्तरानें आयोडिनचें एक द्रावण सुचविलें. तें घातलें कीं कांहीं जातींचे बीजाणु निळे-काळे होतात, कांहींचे होत नाहींत. पॅनेलस स्टिप्टिकस हें तुरट चवीचें लहान अळंबें या परीक्षेंत निळें उतरतें. याची आणखी एक मौज आहे. उत्तर अमेरिकेंत सांपडणारें हें अळंबें अंधारांत हिरवट प्रकाश देतें, युरोपांतील देत नाहीं. आणि सूक्ष्मदर्शकाखालीं दोघेंहि सारखींच. मग तीं एक कीं दोन? कॅनडांत रुथ मॅक्रे या बाईंनीं १९४२ सालीं दोन्हीं खंडांतील वाणांचा संकर घडवून आणला. तो जमला, आणि प्रकाशाचा गुण संततींत आनुवंशिक नियमानें उतरला. जाति एकच ठरली. जेथें भिंगानें हात टेकले तेथें विवाहानें निकाल दिला, म्हणावयाचा!

आतां होहेनब्यूहेलिया. जीभ वळण्यास कठिण अशा या नांवाचीं अळंबीं करडीं, कांहींशीं चिकट, लाकडावर कललेलीं असतात. त्यांच्या पात्यांवरील वांझ पेशी जाड भिंतीच्या, टोंकाशीं खडीसाखरेसारख्या स्फटिकांनीं मढलेल्या असतात. एकदां पाहिल्या कीं विसरत नाहींत. अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील चार्ल्स ड्रेक्स्लर हा मातींतील सूत्रकृमि, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत, खाणाऱ्या बुरशींचा अभ्यास करीत असे. १९४१ सालीं त्यानें अशा एका बुरशीला नेमॅटोक्टोनस, जंतांचा मारेकरी, असें नांव दिलें. तिच्या अंगावर डमरूसारख्या कमरेंत आवळलेल्या लहान गांठी, त्यांवर डिंकासारखा चिकट थेंब. जंत चिकटला कीं तंतु त्याच्या शरीरांत शिरतो. पण ड्रेक्स्लरचें लक्ष वेधलें तें दुसऱ्याच गोष्टीनें. त्या तंतूंच्या आडव्या भिंतींपाशीं एक-एक लहानशी कडी होती.

ही कडी काय आहे? अळंबीं ज्या वर्गांत येतात त्यांतील बहुतेक तंतूंच्या प्रत्येक पेशींत दोन केंद्रकें असतात, एक मातेच्या बाजूचें आणि एक पित्याच्या, असें म्हणा ना. पेशी दुभंगतांना जोडी फुटूं नये म्हणून तंतु बाजूनें आंकडा काढून एक केंद्रक मागच्या पेशींत पोंचवितो. काम झाल्यावर तो आंकडा पेटीच्या कडीसारखा तसाच राहतो. हान्स क्नीप या जर्मन शास्त्रज्ञानें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हें गूढ उकललें. कडी दिसली याचा अर्थ ही क्षुद्र बुरशी अळंब्यांच्या नात्यांतली, हें ड्रेक्स्लरनें ओळखलें. पण तिचें अळंबें कोठें होतें? तें कोणींच पाहिलें नव्हतें. छत्तीस वर्षांनीं, १९७७ सालीं, कॅनडांतील बॅरन आणि डीर्केस यांनीं दाखवून दिलें कीं होहेनब्यूहेलिया आणि नेमॅटोक्टोनस हीं एकाच जीवाचीं दोन रूपें होत. लाकडांत नत्र फार थोडा. तो या अळंब्याला जंतांच्या शरीरांतून मिळतो. फांदीवर निमूट बसलेल्या त्या करड्या टोप्यांखालीं शिकार चाललेली असते.

शेवटीं, ज्याला ओळखावयास सूक्ष्मदर्शक लागत नाहीं असें एक. शायझोफायलम कम्यून, दुभंगलेल्या पात्यांचें सामान्य अळंबें. हें नांवहि फ्रीसचेंच, १८१५ चें. पांढरट केसाळ पाठ आणि खालीं मधोमध उभी चिरलेली पाती. अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडांत तें आहे. आमच्या मागल्या दारच्या फळीवर तर दर पावसाळ्यांत असतें. ऊन पडलें कीं चिरलेल्या पात्या बाहेरच्या बाजूस वळून मिटतात, सर आली कीं उघडतात. विनिपेगचे प्राध्यापक बुलर यांनीं अशीं वाळलेलीं अळंबीं हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळ्यांत बंद केलीं होतीं. तीस वर्षांहून अधिक काळानें नळी फोडून तीं भिजविलीं, तेव्हां पात्या उलगडल्या आणि बीजाणु गळूं लागले.

हेंच अळंबें क्वचित् माणसाच्या नाकाजवळच्या पोकळ्यांत व फुप्फुसांत शिरून रोग उत्पन्न करतें. तेथें टोपी नाहीं, पाती नाहीं. प्रयोगशाळेंत वाढतो तो कापसासारखा पांढरा पुंजका, आणि तो कोणत्याहि बुरशीचा असूं शकतो. रोग्यावर उपाय काय करावा हें तर त्या पुंजक्याच्या ओळखीवर अवलंबून. तंतूवर कडी आणि बारीक खुंट्या दिसल्या तर वाट सांपडते. परंतु कित्येकदां वाढ एकाच केंद्रकाची असते, म्हणजे कडी नसतेच. अशा वेळीं शायझोफायलमचा ओळखीचा वाण त्याच बशींत शेजारीं लावण्याची युक्ति वापरण्यांत आली आहे. दोन्हीं तंतु जेथें एकमेकांना भेटतात तेथला कण कांचेवर घ्यावयाचा, आणि कडी आली आहे का तें पाहावयाचें.