एका दुरुस्तीची कुळकथा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटाला ताठपणा यावा म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालण्याची वहिवाट पडली, आणि त्या कोऱ्या तुकड्यावर बेसबॉलपटूंची चित्रे छापल्यास खपही वाढतो हे व्यापाऱ्यांच्या ध्यानी आले. या वंशातील सर्वांत नामांकित संच अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या अवधीत काढला. पुढे जेफरसन बर्डिक या संग्राहकाने आपल्या सूचीत त्यास ‘टी-२०६’ हा क्रमांक दिला व तेच त्याचे रूढ नाव झाले.

ही कार्डे शिळाछापाची. आपल्याकडील रविवर्मा छापखान्याच्या चित्रांप्रमाणेच प्रत्येक रंग स्वतंत्र शिळेवरून, एकावर एक, उतरवावयाचा. त्यात कागद केसभर सरकला तरी ओठांची लाली गालावर जाई. परंतु हा दोष त्या कागदापुरता. अक्षरांतील चूक मात्र मुळातच रुजलेली, आणि कोणी हटकेपर्यंत प्रत्येक प्रतीत बरहुकूम उमटणारी.

फिलाडेल्फियाच्या शेरी मगी याच्या आडनावाअंती दोन ‘ई’ असावयाचे, तेथे ‘आय’ व ‘ई’ छापले गेले. ही कसूर लवकरच लक्षात येऊन मजकूर सुधारण्यात आला, आणि माझ्या मते त्या दुर्मीळ कार्डाचा खरा जन्म या सुधारणेच्या क्षणी झाला. कारण तोवर जे सर्वांसारखे होते, ते त्या घटकेपासून मोजकेच उरले. याचा उलट दाखला टॉप्स कंपनीच्या १९५७ सालच्या संचात सापडतो: हँक आरनची निगेटिव्ह उलटी लागून तो उजवखोरा फलंदाज डावखोरा झाला, अंगावरील ४४ हा आकडाही उलटा उमटला, पण दुरुस्ती कधीच न झाल्याने ती सारी कार्डे एकसारखीच राहिली.

सर्वांत हृद्य वाटते ते टी-२०६ मधील जो डॉइलचे कार्ड. न्यू यॉर्कमध्ये तेव्हा दोन्ही लीगचे संघ होते व दोहोंत एकेक डॉइल होता. लॅरी नॅशनल लीगच्या जायंट्समध्ये, तर जो अमेरिकन लीगच्या हायलँडर्समध्ये. जोच्या चित्राखाली नॅशनल लीगचा उल्लेख छापला गेला. तो ध्यानात आल्यावर खऱ्या लीगचे नाव घालण्याऐवजी छापखान्याने चुकीचे तेवढे काढून टाकले, आणि पुढील प्रतींवर डॉइल नुसताच ‘न्यू यॉर्क’चा राहिला.