इटालियन जेवणाचं बिल : जीएसटी द्यावाच लागतो, पण सर्व्हिस चार्ज?

मुळशी तालुक्यातल्या माण गावच्या हद्दीत राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा आहे. नोकरीसाठी बाहेरगावाहून आलेली हजारो तरुण मुलं-मुली माण-हिंजवडी परिसरात राहतात. शुक्रवारी ऑफिस सुटलं की मित्रांचा ग्रुप पिझ्झा-पास्ता खायला निघतो. जेवण मजेत होतं, पण बिल आलं की सगळे मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर उघडतात. मेन्यूवरच्या किमतीपेक्षा रक्कम इतकी जास्त कशी?

बिल वाढतं कसं?

समजा, चौघांनी मिळून २,४०० रुपयांचं खाल्लं. त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे १२० रुपये. बिलात तो सीजीएसटी ६० आणि एसजीएसटी ६० असा दोन ओळींत दिसतो. एकूण झाले २,५२० रुपये.

आता त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज धरा. २४० रुपये वाढले आणि जीएसटीही २,६४० रुपयांवर लावला, तर बिल २,७७२ रुपये होतं. म्हणजे २५२ रुपयांचा फरक, माणशी ६३ रुपये.

सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?

नाही. जीएसटी हा सरकारी कर आहे, तर सर्व्हिस चार्ज रेस्टॉरंट स्वतः लावतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. त्यानुसार :

- सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही.
- दुसऱ्या कुठल्या नावाखालीही तो घेता येत नाही.
- तो ऐच्छिक आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं.
- तो न देणाऱ्याला प्रवेश किंवा सेवा नाकारता येत नाही.
- तो जेवणाच्या बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावता येत नाही.

रेस्टॉरंट संघटना याविरुद्ध कोर्टात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि ही तत्त्वं कायम ठेवली. संघटनांनी पुढे अपील केलं आहे.

मग वेटरला काय मिळणार?

सर्व्हिस चार्ज आधी मालकाच्या खात्यात जातो. त्यातलं किती कर्मचाऱ्यांना द्यायचं, हे मालक ठरवतो. सेवा आवडली असेल, तर वेटरच्या हातात टिप देता येते. ती किती द्यायची, हा ग्राहकाचा निर्णय.

इटलीत अनेक ठिकाणी ‘कोपेर्तो’ घेतात. टेबल आणि ब्रेडसाठी माणशी ठरलेली ही रक्कम मेन्यूवर छापलेली असते. म्हणजे ऑर्डर देण्याआधीच ती ग्राहकाला दिसते.

जीएसटी सगळीकडे सारखाच असतो का?

साध्या रेस्टॉरंटमध्ये, एसी असो वा नसो, ५ टक्के. दिवसाला ७,५०० रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या खोल्या असलेल्या मोठ्या हॉटेलमधल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के लागू शकतो. कम्पोझिशन योजनेतल्या छोट्या रेस्टॉरंटला मात्र ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. वाइन किंवा बिअर घेतली, तर त्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो.

ग्रुपमध्ये बिल कसं वाटायचं?

इटलीत पिझ्झेरियात बहुतेकदा प्रत्येक जण आपला अख्खा पिझ्झा मागवतो. आपल्याकडे एक पिझ्झा मधे ठेवून सगळे एकेक तुकडा उचलतात, त्यामुळे कोणी किती खाल्लं हे सांगणं अवघड. सोपा मार्ग म्हणजे सगळ्यांनी मिळून खाल्लेलं समान वाटायचं आणि वाइन, बिअर ज्यांनी घेतली त्यांनी त्याचे पैसे द्यायचे. एकाने बिल भरून बाकीच्यांनी यूपीआय करायचं असेल, तर हे ऑर्डर देण्याआधीच ठरलेलं बरं. नवा पगार सुरू झालेल्या मित्राला बिल आल्यावर ‘मी फक्त पास्ता खाल्ला’ असं म्हणणं जड जातं.

रेस्टॉरंटने ऐकलं नाही तर?

- आधी मॅनेजरला सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्यायला सांगा.
- नकार मिळाला, तर बिलाचा फोटो काढून ठेवा.
- १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.
- तरीही प्रश्न सुटला नाही, तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं.

हे सगळं पैसे भरण्याआधी केलं तर सोपं जातं. म्हणून बिल आलं की आधी खालची रक्कम नको, मधल्या ओळी वाचा.