गीताई : नाव कुणाचे?

‘गीताई’ हे मुलीचे नाव क्वचितच कानी पडते. पडले की अर्थही तयार असतो : आईची गीता. हा अर्थ सांगणाऱ्यांची बाजू लेचीपेची नाही. ‘गीताई’ हे मुळात विनोबा भाव्यांनी केलेल्या गीतेच्या मराठी पद्यानुवादाचे नाव. विनोबांच्या आई रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता कळेना, म्हणून त्यांनी मराठी पद्य गीता मागितली. लेकाने वामन पंडितांची आणून दिली, तीही अवघड वाटली. तेव्हा ‘तूच का करत नाहीस?’ असे त्यांनीच सुचवले. त्या 1918 मध्ये गेल्या आणि 1930-31 मध्ये विनोबांनी ते काम पुरे केले. प्रेरणा आईची, हे निर्विवाद.

पण प्रेरणा आईची म्हणून नावही आईचे, हे कशावरून?

आधी व्याकरण पाहू. मराठी समासात मालक पुढे उभा राहतो : देवाचे घर ते देवघर, राजाचा वाडा तो राजवाडा. आईची गीता म्हणायचे असते तर ‘आई’ शेवटी आली नसती. शेवटी येणारी ‘आई’ काय करते, हे रखुमाई, जनाई, यमाई सांगतात. विठाई म्हणजे आईचा विठू, असे कुणी वारकऱ्याला सांगून पाहावे! तिथे विठूच आई आहे. इथे गीताच आई आहे.

आता साक्ष खुद्द कर्त्याची. गीताईच्या आरंभीच्या श्लोकात विनोबा गीतेलाच माउली म्हणतात आणि स्वतःला तिचे अजाण लेकरू. ठेचकाळलेल्या लेकराला ती उचलून घेते. ग्रंथकर्त्याने अर्थ स्वतः सांगितल्यावर आपण दुसरा का शोधावा? ही हाक विनोबांनी नव्याने घडवलेलीही नाही. पाठाआधी म्हटल्या जाणाऱ्या गीताध्यानाचा पहिलाच श्लोक गीतेला ‘अंब’ म्हणून साद घालतो. गीतेशी हे नाते आपल्या परंपरेत जुनेच आहे.

उरला एक आक्षेप, आणि तो मला सर्वांत खटकतो : कोवळ्या पोरीच्या नावात ‘आई’ शोभत नाही म्हणे. मग मुक्ताबाईचे काय? ती विशीच्या आत समाधिस्थ झाली. चौदाशे वर्षांचा म्हणून परंपरा ज्याला ओळखते, त्या चांगदेवाने तिला गुरू केले. महाराष्ट्र तिला मुक्ताई म्हणतो. ती कुणाची आई होती? ‘आई’ इथे वय मोजत नाही, अपत्येही मोजत नाही. ज्ञानापुढे वाकलेल्या माणसाने दिलेला तो मान आहे. पाळण्यातल्या मुलीला तो द्यायला हरकत कसली?